भिकूशेठच्या मांडवातली सनई

“सनई सोडवायची? खुशाल सोडवा! पण सनईच्याच कमाईने. मोलमजुरीचा पैसा आणलात, तर तो व्याजात जमा!”

भिकूशेठ सावकाराने चावडीवर पंचांसमोर ही अट घातली ती बापू वाजंत्र्याला. बायकोच्या दुखण्यात त्याने सनई गहाण ठेवून चाळीस रुपये उचलले होते. बायको उठली, पण घर बसलं. सनई नाही म्हणून लग्नात वाजवायची सुपारी नाही, सुपारी नाही म्हणून पैसा नाही! बापू खडी फोडायला जाई, सून बकुळा लोकांची दळणं दळी, आणि दोघांची मजुरी दर बाजारी शेठच्या गल्ल्यात पडे. मुद्दल जिथल्या तिथे!

“शेठ, सनई तुमच्या कोठीत. मग तिची कमाई व्हायची कशी?” बकुळाने विचारलं.

“ते तुमचं तुम्ही बघा!” शेठने मिशीला पीळ दिला. “सनईवर मिळालेले चाळीस रुपये आणा, सनई न्या. पंचांदेखत सांगतो!”

“पंच, ऐकलंत ना?” एवढंच बोलून बकुळा सासऱ्याला घेऊन घरी गेली.

पुढे शेठच्या मुलीचं लग्न निघालं. खुद्द जहागीरदार यायचे होते. पण वाजंत्री सांगायचे तर पैसे पडणार! शेठने कोठीतून बापूची सनई काढली आणि मेहुण्याच्या हातात दिली. “फुंक! फुकट आहे!”

मेहुण्याने गाल फुगवले. काय तो सूर! जणू दारात बोक्याची शेपटी चेंगरली! घोडी बुजली आणि नवरदेवासकट गोठ्यात शिरली. भटजी मंगलाष्टक विसरले. मेहुण्याला मात्र चेव चढला. शेठचा मेहुणा तो, त्याला गप्प कोण करणार?

जहागीरदारांनी कानांत बोटं घातली. “अरे, कुणीतरी थांबवा हे! मागेल ते देतो!”

बकुळा तिथेच पत्रावळी मांडत होती. “सरकार, चाळीस रुपये द्याल?”

“ऐंशी घे! पण आवर!”

“चाळीसच पुरेत.”

तिने मुदपाकखान्यातून चिंचेचं बोटूक आणलं, मेहुण्याच्या पुढ्यात बसली आणि डोळे मिटून चोखू लागली. म्च! म्च! मेहुण्याच्या तोंडाला पाणी सुटलं. सनईतून सूर यायचा तिथे लाळ आली. फुर्र... फुस्स! मांडवाने सुटकेचा निःश्वास सोडला.

जहागीरदारांनी दिलेले रुपये बकुळाने तसेच शेठपुढे ठेवले. “घ्या, सनईची कमाई!”

“ही कसली कमाई? तू तर सनई बंद पाडलीस!”

“वाजली म्हणून तर बंद पाडायचे पैसे मिळाले! कुणी वाजवायची, कशी वाजवायची, हे तुमच्या अटीत कुठे होतं? विचारा पंचांना!”

पाहुण्यांत बसलेल्या पंचांनी हसू दाबत माना डोलावल्या.

“आणि राहिलेलं व्याज?” शेठ किंचाळला.

“गहाणाची वस्तू लग्नात वाजवलीत, शेठ! त्याचं भाडं धरलं, तर उलट तुम्हीच मला देणं लागता!”

जहागीरदार असे हसले, की पगडी मांडीवर पडली! “शेठ, सनई द्या आणि भाडंही द्या. न्हाव्याचा वस्तरा, सुताराची करवत, कोठीत कुणाकुणाची हत्यारं गहाण असतील ती आजच परत करा. नाहीतर उद्या हा मेहुणा फुकटात दाढ्या करायला बसेल!”

नवरदेवाने चटकन हनुवटी झाकली. मांडव हसून हसून बेजार झाला. बकुळाला जरीकाठी लुगडं मिळालं, आणि बापूला जहागीरदारांच्या देवडीवर रोजच्या सनईची नेमणूक!