करवंदीचा चढ

गाड्यांना वाचा होती त्या काळी घाटाखालच्या गावात बाबलतात्यांची एक छोटी, जुनी फटफटी होती. एके सकाळी तात्यांनी तिला घासूनपुसून लख्ख केलं, तेव्हा शेजारची दांडगी मोटारसायकल म्हणाली, “म्हशीच्या शिंगांना तेल लावतात ते बाजाराच्या दिवशीच, बाई!”

फटफटीच्या टाकीतलं पेट्रोल गोठलं. घाटातला चढ तिला झेपत नसे. तात्या खाली उतरून तिच्यासोबत चालत. आज त्यांना उतरावं लागलं, तर आपण विकले गेलोच! तात्या तिला घेऊन घाटाला लागले, तशी ती जिवाच्या आकांताने चढू लागली. इंजिन तापलं, धूर झाला आणि अर्ध्या चढावर ती बंद पडली.

मागून आलेला गाड्यांचा दलाल हसला. “तात्या, हा खटारा देऊन टाका मला.”



तात्या उतरले आणि कडेच्या जाळीत हात घालत म्हणाले, “आक्काकडे निघालोय, म्हणून हिला नटवली. ही दिली, तर मला इथं उतरवणार कोण? या वळणावर करवंदं पिकतात, हे हिच्यामुळंच कळलं मला.”

पुढच्या खेपेला फटफटीच्या अंगात दम शिल्लक होता. तरी करवंदीपाशी येताच ती आपणहून थांबली.