मंदाताईच्या नऊ चुका

"भाऊ नसला तर बहीण चंद्राला ओवाळते. मग बहीण नसली तर भावानं काय करायचं?"

हे मी आत्याला विचारलं. भटजींना विचारलं. स्मशानातून परतताना शेजारच्या काकांनाही विचारलं. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी चहाचा कप पुढं केला.

आता मास्तरांना विचारत होतो.

हसनमिया परकार मास्तर पडवीत चटईवर बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी चिपळुणातल्या छापखान्यांत प्रुफं तपासली. आता घरी पाचसहा मुलींना ते काम शिकवतात. माझी बहीण मंदाताई, छापखान्यात शिगवणबाई, त्यांची पहिली शिष्या. पुढं तीच त्यांच्याबरोबर शिकवायला लागली. भाद्रपदात तापानं गेली.

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. हात पुढं केला.

"कागद दे."

मी खिशातून कागद काढून दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"यावर निळ्या शाईनं कुणी लिहिलंय?"

"मी."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"आणि छापखान्यातल्या त्या पोराच्या कानाखाली कुणी वाजवली?"

"तीही मीच."

"ती कुणी सांगितली होती?"



मास्तरांच्या शिकवणीची रीत अशी. सणावर दहा ओळींचा उतारा लिहायचा आणि त्यात मुद्दाम चुका पेरायच्या. कुठं नागोबाला कांदाभजी, कुठं वैशाखातला नाताळ. मुलींनी त्या हुडकून काढायच्या. उतारे सणांवरच का, असं मी एकदा विचारलं होतं. मास्तर म्हणाले होते, "जे पाठ असतं ते माणूस वाचत नाही."

या वर्षी त्या उताऱ्यांची वही छापायची ठरली. मंदाताईनं अकरा लिहिले. बारावा भाऊबीजेचा. तो तिनं इस्पितळात लिहिला. ती गेल्यावर उशीखाली सापडला आणि कुणीतरी बाकीच्या कागदांबरोबर छापखान्यात देऊन टाकला.

तिथला अक्षरजुळणी करणारा मुलगा वाचता वाचता हसला. "शिगवणबाईंना भाऊबीज माहीत नव्हती वाटतं."

मी तिथंच उभा होतो. कागद त्याच्या हातातून ओढून घेतला.

"ती तापात होती मास्तर," मी म्हणालो. "ताप डोक्यात गेला होता. भाऊबीज दिवाळीचा पहिला दिवस, असं लिहिलंय तिनं. भाऊ बहिणीला ओवाळतो म्हणे. यमुना यमाची मुलगी म्हणे. माणसं हसतील. म्हणून मी दुरुस्त केलं. सहावीत शाळा सोडली, तरी एवढं मला कळतं."

"आणखी काय केलं तापात?"

"बडबडायची."

"काय?"

"'पुढं.' दुसरं काही नाही. शेवटचे दोन दिवस मी तिच्या उशाशी बसलेलो. माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, पुढं... पुढं. कुठं जायचं होतं तिला, कुणास ठाऊक."

मास्तर माझ्याकडं बघत राहिले.

मग त्यांनी कागद बैठ्या मेजावर ठेवला. कागदाची खालची कड मागं दुमडलेली होती. छापखान्यात चिमट्याला लावताना दुमडली असेल. मास्तरांनी नखानं ती उलगडली आणि कागद माझ्याकडं फिरवला.

तिथं मंदाताईच्या अक्षरात लिहिलं होतं: चुका, नऊ.

प्रत्येक उताऱ्याखाली ती असा आकडा लिहायची.

"म्हणजे..."

"म्हणजे ताप होता," मास्तर म्हणाले. "डोकं ठिकाणावर होतं."

मला बरं वाटायला हवं होतं. सहा आठवडे मी सगळ्यांना सांगत होतो, शेवटी तिला काही कळत नव्हतं. ते सांगितलं की मला झोप लागायची.

मास्तर म्हणाले, "लहानपणी तू तिला काय वाचून दाखवायचास?"

"काय म्हणजे... प्रुफंच," मी सांगू लागलो. मी शाळा सोडली तेव्हा ती म्हणाली, शाळा नको तर नको, माझ्यासमोर बस. प्रूफ तपासायला दोन माणसं लागतात. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, टिंब न् टिंब सकट. दुसऱ्यानं छापलेल्यावर नजर ठेवायची. मी वाचायचो. 'आज घरोघरी स्वल्पविराम अंगणोअंगणी स्वल्पविराम.' अशी मला वाचायची सवय लागली. ओळ ताडून झाली की ती...

मी थांबलो.

"बोल."

"ओळ झाली की ती म्हणायची, पुढं."

 एक कोंबडी पायरी चढून आली, मास्तरांनी तिला हाकललं नाही.

कागद उशीखाली होता. मी दोन दिवस उशाशी बसलो होतो. तिचं डोकं उचलून उशी नीट करायलाही हात लावला नाही. तेव्हा मी रागातच होतो.

राग कसला, तो मास्तरांना ठाऊक होता. सगळ्या गल्लीला ठाऊक होता. मागच्या वर्षी आमच्या मंडळाचा फलक मी रंगवला. मंदाताई रस्त्यात उभी राहून तो वाचत राहिली आणि चुका दिसल्या म्हणून तिनं सगळ्या पोरांसमोर तो खाली उतरवायला लावला. पोरं हसली. मी ओरडलो, "आजपासून मला बहीण नाही." त्या दिवाळीत मी भाऊबीजेला घरी गेलो नाही.

"आठ सापडल्या," मी कागद मोजून म्हणालो. "मी आठ ठिकाणी दुरुस्त केलंय. नववी कुठाय?"

"तू सांग. तुला कळतं म्हणालास."

मी पुन्हा वाचलं. बोट ठेवून वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, तसंच, टिंब न् टिंब सकट. शेवटच्या ओळीवर माझं बोट अडलं.

ज्या बहिणीला भाऊ नाही, ती चंद्राला ओवाळते.

"मास्तर, मागच्या भाऊबीजेला ती काय करत होती?"

"तुला कशाला?"

"सांगा."

मास्तरांनी चष्मा काढला. "इथंच उभी होती, या अंगणात. हातात ताट. म्हणाली, मास्तर, तुम्ही ईदेचा चंद्र बघता, तुमची नजर सरावलीय, मला बीजेची कोर दाखवा. बीजेची कोर आणि ईदेची कोर सारखीच. नखाएवढी. बघता बघता मावळते. मी दाखवली. तिला काही दिसेना. त्या फणसाच्या वर, म्हटलं. दिसेना. डोळे भरलेले असल्यावर कसली दिसतेय."

"मग?"

"मग मी बोट दाखवलं तिकडं तिनं ओवाळलं."

माझ्या हातात पेन होतं. मी त्या शेवटच्या ओळीवर रेघ मारायला गेलो.

मास्तरांनी आपला हात त्या ओळीवर ठेवला. पेन त्यांच्या बोटांवर उठलं.

"हीच नववी आहे," मी म्हणालो. "तिला भाऊ होता. होता की नाही, सांगा तुम्ही. मग हे वाक्य चूक आहे."

"वाक्य बरोबर आहे."

"मग चूक कुठाय?"

"या कागदावर नाही."

"मग तिनं नऊ का लिहिलं?"

मास्तरांनी बोटांवरची शाई लुंगीला पुसली. ती निघाली नाही.

"ती तिनं मोजली, दिग्या. केली नाही."

 मला वाटलं होतं, मास्तर पाठीवर हात ठेवतील. त्यांनी तो ठेवला नाही. आत जाऊन एक कोरा कागद आणला आणि माझ्यापुढं ठेवला.

"वही उद्या छापायला जायची. हा कागद तू घाण केलास. नवीन लिहून काढ."

"बरोबर करून?"

"चुका घालून."

"मी?"

"काढल्या कुणी?"

"मास्तर, माझ्या अक्षरात..."

"तिचं अक्षर आता कुठून आणणार?"

मी लिहायला बसलो. एकेक चूक परत जागेवर ठेवायची. दुरुस्त करायला मला दहा मिनिटं लागली होती. बिघडवायला दुपार गेली. भाऊबीज हा दिवाळीचा पहिला दिवस. द्वितीयेची तृतीया केली. यमुनेला पुन्हा यमाची मुलगी केलं. 'भाऊ बहिणीला ओवाळतो' इथं हात थांबला. ते लिहून झालं. मग पुढचं, 'ओवाळणीत बहीण भावाला साडी देते.' हे तिनं हसत लिहिलं असणार. इस्पितळात, ताप असताना, ती एकटीच हसली असणार. मी पोचायच्या आधी.

शेवटची ओळ जशी होती तशी उतरवली. तिथं एकही अक्षर बदलायचं नव्हतं.

खाली जागा राहिली होती.

"आकडा किती लिहू, मास्तर?"

"तुला किती दिसतात?"

"मुली आठ शोधतील. मग नववी शोधत बसतील. तुम्हाला येऊन विचारतील."

"विचारतील."

"तुम्ही काय सांगणार?"

"तू मघाशी आल्या आल्या जे विचारलंस, त्याला मी काय सांगितलं?"

मी कागदावर वाकलो आणि लिहिलं: चुका, नऊ.

मास्तरांनी मंदाताईचा जुना कागद आपल्यापुढं ओढला. चष्मा लावला, लाल पेन्सिल हातात घेतली आणि मान हलवली. ताडून बघायचं होतं. मी माझा कागद उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागलो.  स्वल्पविराम वाचले, पूर्णविराम वाचले, एक सोडला नाही. ओळ झाली की मास्तर पेन्सिल टेकवायचे आणि म्हणायचे, "पुढं." मी पुढची वाचायचो.

चंद्राची ओळ वाचली.

"पुढं."

"चुका," मी वाचलं. "स्वल्पविराम. नऊ. पूर्णविराम."

कागद संपला. मी तो खाली ठेवला.

मास्तरांनी पेन्सिल टेकवली. मान वर केली नाही.

"पुढं," ते म्हणाले.