रेवणाचे गुंतवलेले बोल

यंत्रे लिहिलेल्या आज्ञा वाचू लागली, त्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. एका नदीकाठच्या गावी रेवण नावाचा साळी राहत असे. वस्त्राच्या काठावरची नक्षी तो बोलांत बांधी. मागाशेजारी बसून एकाने म्हणावे, 'तांबडा वर, पिवळा खाली', आणि विणकराने त्याबरहुकूम धागे उचलावेत; म्हणता म्हणता नक्षी उमटे. त्याच्या मोराच्या काठाची ख्याती दूरवर पोहोचली होती.

पैलतीरीच्या देवळातून निरोप आला. देवीचे महावस्त्र देवळाच्याच मागावर, देवळाच्याच विणकरांनी विणण्याची तेथे रीत होती. रेवणाने केवळ बोल द्यावेत, अशी विनंती होती. रेवणाला धन्यता वाटली आणि भयही वाटले. बोल मोठ्याने म्हटल्यावाचून माग चालत नाही, आणि जे मोठ्याने म्हटले जाते ते कोणाच्याही कानी पडते. मोराचा काठ घरोघर विणला जाऊ लागला, तर त्याच्या मुलाबाळांनी खावे काय?

म्हणून त्याने बोल गुंतवले. रंगांना अर्थहीन नावे दिली; कोणत्या धाग्याला कोणते, एवढेच विणकरांना कळवले. ओळींचा क्रम मोडला, आणि कोणत्या ओळीमागून कोणती म्हणायची याच्या केवळ खुणा ठेवल्या. ज्यांनी एकही धागा हलू नये, असे पोकळ बोल जागोजागी पेरले.

पत्नी म्हणाली, "अहो, मोराला गोधडीत गुंडाळून धाडता आहात. तो तिथे नाचेल कसा?"

"नाचेल," रेवण म्हणाला. "ठेका मात्र कोणाला कळणार नाही."

तसेच झाले. विणकर न समजता ऐकत गेले आणि काठावर मोर उभा राहिला. रेवण निश्चिंत झाला. रोज सकाळी माग पुसताना मूळ बोल म्हणण्याचा साळ्यांचा नेम असे. शेजाऱ्यांच्या भयाने तोही त्याने सोडला.

पुढे देवळात नवी मूर्ती बसली, पहिलीहून मोठी. काठही रुंद हवा होता आणि उत्सव तोंडावर आला होता. विणकरांनी खटपट केली, परंतु कोणता बोल खरा आणि कोणता पोकळ, हे त्यांना कळेना. रेवणाला बोलावले. तो मागाशेजारी बसला, पण नेम सुटल्याने मूळ बोल तो विसरून गेला होता, आणि त्यालाही उमगेना. मोराचा पिसारा चोचीपाशी फुटला. उसवून पुन्हा सांगितले, पुन्हा तेच.

ओशाळून त्याने विचारले, निदान नक्षी तरी सुरक्षित राहिली ना? देवळाच्या वृद्ध विणकराने सांगितले की, मोराचा काठ बाजारात केव्हाच आला आहे.

"चोराला बोलांची गरजच पडली नाही, दादा. त्याने तुमचे एक लुगडे विकत घेतले आणि सावकाश उसवून पाहिले. कोडे पडले ते आम्हाला."

तसे उसवून पाहण्याइतका अवधी आता उरला नव्हता. त्या उत्सवात देवी साध्या काठाच्या वस्त्रात बसली. रेवण गर्दीत मागे उभा होता. देवीच्या मुखावर राग दिसेना, म्हणून त्याला अधिकच रडू आले.

उत्सव सरल्यावर त्याने आपलेच एक लुगडे उसवले, बोल नव्याने आणि स्वच्छ बांधले, आणि ते देवळाच्या विणकरांच्या स्वाधीन केले. हे बोल रेवणाचे, त्याच्या अनुज्ञेवाचून अन्यत्र म्हणणार नाही, असे वचन त्यांनी देवीसमोर दिले. पुढे कोणी त्या काठावर हक्क सांगू लागला, की तेच विणकर रेवणासाठी साक्षीला उभे राहत.

जी विद्या उघड केल्यावाचून चालत नाही, तिचे रक्षण गुंत्याने होत नाही, वचनाने होते.