सुरीवरचे लिंबू

एकदा एका शिष्याने गुरूसमोर आपला फोन भुईवर आपटला. फोन फुटला नाही, त्यामुळे त्याचा राग आणखीच वाढला.

शिष्याचे नाव निवास. गुरू म्हणजे केरबा, साऱ्या गावाचे आबा. दोघेही सुऱ्या घडवत. केरबांच्या भट्टीतली सुरी पंचक्रोशीत नावाजलेली होती. पात्यावर कणसाचा छोटा ठसा दिसला की गिऱ्हाईक धार तपासायलाही थांबत नसे. त्या भट्टीची एक जुनी रीत होती. सुरी तयार झाली की तिने पहिले लिंबू कापायचे, देवाचे नाव घ्यायचे, आणि पात्यावरची लिंबाची ओल पुसायची नाही. पुसली तर धार रुसते असे केरबांचे वडील मानत, म्हणून केरबा मानत, आणि म्हणून निवासही मानत होता.

हात बसल्यावर निवासने इंटरनेटवर दुकान उघडले आणि सुऱ्या समुद्रापार जाऊ लागल्या. परदेशी गिऱ्हाइकांच्या चौकशा तर विचारू नका. कुणाला मूठ कोणत्या झाडाची ते हवे, कुणाला पात्याची जाडी हवी, आणि एका महाभागाने तर सुरी कापते ना, अशी खात्री करून घेतली होती. कुरिअरवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. पेटीत सुरी आहे म्हटले की ते निवासकडे असे बघत, जणू तो एखादा खून उरकूनच आला आहे. मग कुठल्याशा बंदरात पेटी अडकून पडे आणि हे शस्त्र नव्हे, स्वयंपाकाची सुरी आहे, असे नाना प्रकारे पटवून द्यावे लागे. हे सगळे निवासने निमूटपणे सोसले होते. परंतु त्या दिवशी आलेला निरोप त्याला सोसवेना.

दूरच्या एका थंड देशात खाणावळ चालवणाऱ्या बाईने लिहिले होते, 'नवी म्हणून मागवलेल्या सुरीवर काळे डाग आहेत, गंज आहे. ही सुरी आधी कुणी वापरली?' सोबत फोटो होता. ज्या संकेतस्थळावर निवासचे दुकान होते, त्याच्या चालकांनीही बजावले होते की, या महिन्यात तक्रार मिटवा, नाहीतर दुकान बंद होईल.

"खोटारडी आहे ती, आबा!" निवास ओरडला. "फुकटात सुरी लाटायचीय तिला. स्वतः ओली टाकली असणार आणि बोट आपल्याकडं! वापरलेली म्हणते! मीही लिहिलंय, सुरी सांभाळायची अक्कल नसेल तर चमच्यानं भाजी चिरा म्हणून."

"धाडलंस?" केरबांनी विचारले.

"धाडलं. चांगलं झणझणीत लिहून धाडलं."

केरबांच्या हातातला हातोडा ऐरणीवर दाणकन पडला. "कणसाचा ठसा माझ्या बापाचा हाय. त्याच्या आडून एका बाईला टाकून बोलायचा हक्क तुला कुणी दिला? तू तिच्या सैपाकघरात जाऊन बघून आलास? आण हिकडं तो फोटू."

निवासने फोन त्यांच्या पुढ्यात धरला. केरबांनी तो डोळ्यांजवळ नेऊन डाग नीट निरखले. मग ते उठले आणि भट्टीशेजारच्या खुंटीवरची सुरी त्यांनी काढली. ती निवासने घडवलेली पहिली सुरी होती, चिंचेच्या मुठीची. ती विकायची नाही असे त्याने ठरवले होते, आणि रोज फडक्याने पुसून तो तिला खुंटीला टांगत असे.

केरबांनी त्या सुरीने एक लिंबू कापले. ओल तशीच ठेवून, निवास परदेशी धाडताना गुंडाळी तसे पाते प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळले, पेटीत घातले, पेटीला चिकटपट्टी लावली, आणि ती आपल्या ट्रंकेत ठेवून कुलूप घातले.

"ही परदेशी निघाली. पोचली की सांगतो. तवर त्या बाईला एक अक्षर लिहायचं न्हाई."

"आबा, हिकडं दुकान बुडायला लागलंय आणि तुम्ही माझीच सुरी कोंडता? त्या सुरीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"लिहायचं न्हाई म्हणलं ना!"

त्यानंतर निवासचा राग दोघांवर वाटला गेला, परक्या बाईवर आणि घरच्या म्हाताऱ्यावर. तो घाव असे घाली की पाती वाकडी होत. गुरूजवळ बसून भाकरी खाणे त्याने सोडले. रिकामी खुंटी नजरेला पडली की तो पुटपुटे, म्हातारपणी यांचे डोके फिरले. पूर्वी परदेशी गिऱ्हाइकांच्या सुऱ्या तो गाणे गुणगुणत बांधायचा. आता बांधायला काही नव्हते, कारण तक्रार वाचून कुणी नवे गिऱ्हाईक फिरकतच नव्हते. एवढ्या कष्टाने उभे केलेले दुकान डोळ्यांदेखत चालले होते आणि गुरूने त्याचे तोंड बांधून ठेवले होते. संताप येणार नाही तर काय होईल?

महिना सरत आला तेव्हा एका सकाळी केरबांनी ट्रंक उघडून पेटी त्याच्यापुढे ठेवली. "पोचली तुझी सुरी. घे."

निवासने चिकटपट्टी ओरबाडली, प्लॅस्टिक फाडले आणि तो जागच्या जागी थिजला. पात्यावर मधोमध काळा डाग पसरला होता. डागाच्या कडेने तांबूस गंज धरला होता आणि धारेला बारीक खड्डे पडले होते.

"हे कुणी केलं?" तो किंचाळला. "आबा, माझी सुरी कुणी वापरली?"

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि ते आपण आधी कुठे वाचले आहेत हे त्याला आठवले. त्याने सुरी हळूच पेटीवर ठेवली.

"कुणीबी वापरली न्हाई," केरबा म्हणाले. "तू रीत पाळलीस, मी रीत पाळली, आणि लिंबानं आपलं काम केलं. हितलं गिऱ्हाईक सुरी घरी नेतं, धुतं, सांजच्याला कांदा चिरतं. लिंबाला पोलाद खायाला सवडच मिळत न्हाई. पर समुद्रावरची वाट लांबची. तितका वेळ ती ओल प्लॅस्टिकात कोंडून पात्याला खात बसली. आपण देवाचं नाव घेतलेलं त्या बाईला कसं कळावं? पेटीत आपला भाव मावत न्हाई, निवास. सुरी तेवढी मावती. तिच्या हातात गंज आला, ती गंज म्हणाली. खरं बोलणाऱ्या माणसाला आपण खोटं पाडलं, कशापायी? ती लांब होती म्हणून. समोर असती तर तू तिच्या हातातली सुरी घेऊन आधी बघितली असतीस."

"त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" निवासचा आवाज अजून चढलेलाच होता, पण डोळे भरले होते.

"मला तरी कुठं खातरी होती? माझ्या बापाच्या रीतीवर मी नुसत्या फोटूवरनं बोट ठेवू? आणि तुला सांगितलं असतं, तर तू माझ्याशीबी भांडला असतास. दुसऱ्याच्या सुरीचा डाग तुला दिसत न्हवता. म्हणून तुझी घेतली."

निवासने बाईला त्याच क्षणी लिहिले. काही लपवले नाही, लिंबाची सारी हकीकत सांगितली, बोललेल्या शब्दांची क्षमा मागितली आणि आपल्या डागाळलेल्या सुरीचा फोटो जोडला. दुपारी उत्तर आले. 'सुरीचा राग गेला. तुमच्या शब्दांचा अजून आहे. नवी सुरी पाठवा, तक्रार मागे घेते आहे.'

दुकान वाचले होते. निवासने नवी सुरी काढली. पाते धुतले, कोरडे केले, त्यावर तेलाचा हात फिरवला, आणि पेटीत दोन ओळी लिहून ठेवल्या की, पहिले लिंबू तुम्ही तुमच्या घरी कापा, आणि पाते लगेच धुऊन पुसून ठेवा.

"राग गेला का?" केरबांनी विचारले.

"नाही, आबा."

"आता कुणावर हाय?"

निवासने पेटीला चिकटपट्टी लावली. "माझ्यावर."

"मग अर्धा हिकडं दे," केरबा म्हणाले. "लिंबू मी शिकवलं."

त्यांनी डागाळलेली सुरी मांडीवर घेतली आणि चिमूटभर राख घेऊन घासायला बसले. निवास त्यांच्याजवळ येऊन बसला आणि त्याने भाकरीचे फडके सोडले. डाग पुरता गेला नाही. ती सुरी अजून खुंटीला टांगलेली आहे, आणि दूरदेशी पेटी धाडण्याआधी निवास तिच्याकडे एकदा बघून घेतो.