राजाचा कचरा

“माझ्या बागेत हा कचरा कुणी टाकला?”

राजे चंद्रसेन आंब्याखाली थबकले आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सगळ्यात खाली मान होती यसबा माळ्याची. शेजारी त्याची लेक सगुणा मात्र सरळ उभी होती.

कचरा होता खरा. राजांच्या पणजोबांनी लावलेल्या त्या आंब्याभोवती, पार फांद्यांच्या टोकापर्यंत, लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर पसरला होता. आणि ही बाग अशी, की पान गळालं तरी ते जमिनीला टेकण्याआधी झाडूवाले धावायचे. झाडून झाडून माती खळ्यासारखी टणक झाली होती. राजांना ती आरशासारखी वाटायची. झाडांना कशी वाटते, हे विचारायची पद्धत नव्हती.

फाल्गुनात आंबा सुकू लागला, तेव्हा राजांनी हुकूम सोडला. मृग लागेपर्यंत आंबा हिरवा राहिला पाहिजे. मात्र विहिरीचं पाणी कारंज्यांना लागतं, त्यामुळे आंब्याला आठ दिवसांतून दहाच घागरी. झाड वाळलं, तर माळ्यानं बागेतलं घर सोडायचं. यसबा डोक्याला हात लावून बसला. सगुणानं टोपली उचलली होती.

“मी टाकला, सरकार,” ती आता म्हणाली.

“बागेचा नियम ठाऊक आहे?”

“ज्याचा कचरा, त्यानं आपल्या हातानं उचलायचा. सगळ्यांदेखत.”

“मग वाक.”

“वाकले असते. पण कचरा माझा नाही. मी तो पागेमागून इथं आणला इतकंच. गेल्या कोजागिरीला सज्जातून चंद्र दिसेना, म्हणून सरकारांनी म्हातारी चिंच तोडवली. तिच्याच ह्या ढलप्या. तेव्हा कचरा सरकारांचा.”

“पोरी, जीभ आवर,” दिवाण खेकसले.

“आवरते, दिवाणजी. नियमाची दवंडी मात्र तुम्हीच पिटलीत.”

मनातल्या मनात बाप भांडी बांधायला लागला होता, हे सगुणाला न बघताही कळलं.

“म्हणजे मी वाकू?” राजांनी विचारलं.

“एकच मूठ उचला. मग सांगाल तर बाकीच्या मी सांजेच्या आत उचलते, आणि घरही सोडते.”

आपलाच नियम आपणच मोडला, तर उद्या तो कोण पाळणार? राजे वाकले. त्यांचा शेला सावरायला दोन सेवक धावले. राजांनी ढलप्यांत हात घातला आणि तो तिथंच राहिला. बोटांना गार, काळी माती चिकटली होती.

“ही ओली कशी? पाणी कधी घातलं?”

“सात दिवस झाले. आता पलीकडच्या स्वच्छ मातीवर उभे राहा, सरकार. मोजड्या काढून.”

या बागेत राजांखेरीज कुणी पायात काही घालायचं नाही, असा रिवाज होता. त्यामुळे वैशाखातली माती किती तापते हे सगळ्यांना माहीत होतं, एका माणसाला सोडून. त्या माणसानं मोजड्या काढल्या. क्षणभर तो राजासारखा उभा राहिला. मग एका पायावर आला, मग दुसऱ्या, आणि टुणकन उडी मारून ढलप्यांवर चढला.

“झाडाला उडी मारता येत नाही, सरकार,” सगुणा म्हणाली.

राजांनी वर पाहिलं. आंबा हिरवागार होता. त्यांनी आपल्या लाल तळव्यांकडे पाहिलं आणि पोट धरून हसू लागले.

“दिवाणजी, उरलेल्या ढलप्या सगळ्या झाडांना घाला. बुंध्याशी छातीइतका ढीग करा.”

“ढीग नको,” सगुणा म्हणाली. “वैशाखात गळ्याला शाल गुंडाळून कोण बसतं? बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजेल.”

राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. “घर तुमचंच. आणखी काय हवं?”

“पुढच्या झाडावर कुऱ्हाड पडण्याआधी माळ्याला विचारावं.”

“चंद्र दिसला नाही तरी?”

“तेव्हा तर आधी विचारावं.”

“दिलं,” राजे म्हणाले, आणि पुन्हा हसले.

तेवढ्यात त्यांच्या डोक्यावर अबदागीर धरून उन्हात उभा असलेला म्हादबा खाकरला. “सरकार, बारा वर्षं तुमच्यावर सावली धरून मी त्या आरशावर अनवाणी उभा आहे. जरा आत सरकता का? मलाही ढलप्यांवर यायचंय.”