टिटवीचा बिनचूक अर्ज

मुलांनो, एका जंगलाच्या कडेला, उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्याच्या पात्रात एक टिटवी आणि तिचा टिटवा संसार थाटून होते. संसार म्हणजे काय, तर गोट्यांमध्ये उकरलेला एक खळगा आणि त्यात चार अंडी. टिटवी झाडावर घर बांधत नाही. उघड्यावर अंडी घालायची आणि कुणी जवळ आलं की जीव खाऊन ओरडायचं, म्हणजे येणारा वाट बदलतो. तिच्या घराण्यात एवढाच बंदोबस्त असे, आणि आजवर तो पुरला होता.

त्या वर्षी वरचा पाणवठा आटला. सिंहाच्या कचेरीतून हुकूम निघाला की, पौर्णिमेपासून गव्यांच्या कळपानं ओढ्याच्या पात्रातून खालच्या डोहावर जावं. पौर्णिमेला आठ दिवस होते. अंडी फुटायला दहा. टिटवीनं पुन्हा पुन्हा दिवस मोजले, पण ते काही जुळेनात.

टिटवा म्हणाला, "कळप आला की ओरडू. दरवेळी ओरडतो तसंच."

"एवढा मोठा कळप! रीतसर अर्ज करू या," टिटवी म्हणाली. "तीनच दिवस काठावरच्या करंजाच्या झाडापलीकडून जा म्हणावं. पिल्लं बाहेर आली की त्याच दिवशी चालायला लागतात. मग आपणच उठून जाऊ."

आता, त्या कचेरीत अर्ज इंग्रजीतूनच चालत. का, ते विचारू नका. ज्यानं विचारलं त्याला तो प्रश्नही इंग्रजीत लिहून आणायला सांगितलं. कचेरीचा मुख्य कारकून होता एक बगळा. एका बड्या साहेबाच्या बंगल्यामागच्या तळ्यावर त्यानं उमेदीची वर्षं काढली होती, आणि तिथून तो इंग्रजी शिकून आला होता. सिंहाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण ते त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. ज्या कागदावर बगळ्याची लाल खूण नसेल त्यावर तो पंजा उठवी. असा राज्यकारभार चालला होता.

अर्ज मात्र अर्जदारानंच लिहायचा, असा नियम होता. टिटवीला इंग्रजी शब्द येत होते, पण ते मांडायचा सराव नव्हता. कचेरीला लिहायचे काटे पुरवणाऱ्या साळिंदराकडून तिनं एक काटा मागून घेतला आणि एका दमात सगळं लिहून काढलं. बगळ्यानं कागद डोळ्यांसमोर धरला आणि लगेच खाली ठेवला.

"अहो बाई, यात एकही पूर्णविराम नाही. कुठं थांबायचं आम्ही?"

"चुकलं साहेब. पण अंडी..."

"कागद परत न्या. दुरुस्त करून आणा."

दुसऱ्या खेपेला टिटवीनं धसका घेऊन इतके पूर्णविराम दिले, की दर दोन शब्दांमागे एक टिंब. बगळ्यानं लाल शाईनं एकेकाला गोल केला. मासे टिपावेत तसा तो चुका टिपत होता, आणि त्यात तितकाच रमला होता. "आता तुम्ही फार थांबता," तो म्हणाला. यात दोन दिवस गेले.

टिटवी रडकुंडीला येऊन साळिंदराकडे गेली. साळिंदर मनाचा चांगला होता. चांगला होता आणि भित्रा होता. या दोन गोष्टी एका अंगात पुष्कळदा सापडतात. त्यानं तिला शेजारी बसवून घेतलं.

"हे बघ ताई, चिन्हं म्हणजे काही शिक्षा नव्हे. आपण बोलताना कुठं थबकतो, कुठं थांबतो, कुठं आवाज चढवतो, ते समोर नसलेल्याला कळावं म्हणून ती असतात. तू मला वाचून दाखव. जिथं श्वास घेशील तिथं खूण करू."

टिटवीनं वाचलं. श्वास घेतला तिथं स्वल्पविराम पडला, बोलणं संपलं तिथं पूर्णविराम. "माझी चार अंडी वाटेत आहेत" असं वाचताना तिचा आवाज एवढा चढला, की साळिंदराचे काटे उभे राहिले. तिथं त्यानं आपणहून उद्गारचिन्ह घालायला सांगितलं. मग पुढच्या ओळीलाही. मग त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या खेपेला बगळा त्या उद्गारचिन्हांवर अडला.

"सहा! सरकारी कागदात कुणी किंचाळतं का? सगळी काढा." मग चष्म्यावरून पाहावं तसं मान वाकवून तो म्हणाला, "आणि हे लक्षात ठेवा. अर्ज विचाराधीन असेपर्यंत अर्जदारानं ओरडायचं नाही, परस्पर कुणाला जाऊन भेटायचं नाही. नाहीतर अर्ज रद्द. दोघांनाही लागू आहे हे, तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना."

"नाही ओरडणार साहेब," टिटवी म्हणाली. मला विचाराल तर तिचं घर त्याच क्षणी मोडलं.

चौथा अर्ज तिनं पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नेला. दोन दिवस ती नीट जेवली नव्हती. बगळ्यानं अर्ज वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. लाल शाई सुकून गेली तरी त्याला एक गोल करायला जागा सापडली नाही.

"वा!" तो म्हणाला. "इतक्या वर्षांत असा अर्ज पाहिला नाही. एक खूण इकडची तिकडे नाही."

"मग मंजूर ना साहेब? उद्याच पौर्णिमा आहे."

"आता तुम्ही निर्धास्त घरी जा."

टिटवी उडत घरी गेली. येताना इतक्या दिवसांनी तिनं टिटव्यासाठी चार किडेही टिपून आणले.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली आणि गोटे हादरायला लागले. वळणावर कळप दिसला. तो करंजाकडे वळला नाही, सरळ येत राहिला.

टिटवा अंड्यांवरून उठला. "ओरडू?"

"नको," टिटवी म्हणाली. "वळतील ते. हुकूम निघाला असेल, पोचायचा राहिला असेल. ओरडलास तर अर्ज रद्द होईल."

"अगं, जवळ आले."

"अजून थोडं थांब."

दोघं चोची घट्ट मिटून उभी राहिली. ज्या गळ्यानं वाघसुद्धा वाट बदलायचा, तो गळा त्यांनी आवळून धरला. कळप आला आणि गेला. कुणी धावलं नाही, कुणी मुद्दाम पाय दिला नाही. पाण्याला निघालेल्या जनावरांसारखे ते आपले चालत गेले.

सगळ्यांत मागून एक म्हातारा गवा येत होता. त्याच्या खुराला काहीतरी चिकट लागलं म्हणून तो थांबला. त्यानं खाली पाहिलं आणि मग त्या दोघांकडे पाहिलं.

"अगं पोरी, इथं तू होतीस? मग ओरडली का नाहीस? आम्ही वळलो असतो की. टिटवी ओरडली की नेहमीच वळतो."

टिटवी म्हणाली, "बाबा, अर्ज विचाराधीन होता."

म्हाताऱ्याला ते कळलं नाही. वाचणं-लिहिणं कळपात कुणालाच येत नव्हतं. तो मान खाली घालून पाण्याला गेला.

टिटवी एक टरफल चोचीत धरून कचेरीत गेली. कचेरीसमोरच्या झाडाला तिचा अर्ज टांगलेला होता. वर मोठ्या अक्षरांत 'आदर्श अर्ज' असं लिहिलं होतं आणि खाली ससे, माकडं, हरणांची पाडसं बसून त्यातले स्वल्पविराम उतरवून घेत होती. अर्ज सिंहापर्यंत गेलाच नव्हता. इतका सुंदर कागद आत धूळ खात पडू नये, असं बगळ्याला वाटलं होतं.

टिटवीनं टरफल त्याच्या पुढ्यात ठेवलं. "साहेब, माझी अंडी गेली."

बगळ्यानं टरफलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कसली अंडी?" त्यानं विचारलं.

चार वेळा तो कागद त्याच्या हातून गेला होता. त्यातली प्रत्येक खूण त्याला तोंडपाठ होती.

साळिंदर कोपऱ्यात उभा होता. अंड्यांची ती ओळ त्यानं स्वतः ऐकली होती, पण तो काटे मिटून आणखी मागे सरकला. मला राग बगळ्याचा येतो, पण साळिंदराचाही येतो.

त्या दिवसापासून टिटवी कुणाचंही ऐकत नाही. माणूस दिसो, कुत्रा दिसो, नुसती सावली हलो, ती ओरडत सुटते. माणसं तिला अपशकुनी म्हणतात. म्हणोत बापडी. तो अर्ज अजून झाडाला आहे, आणि मुलं अजून त्यावरून शिकतात. अंडी कुणाची होती, हे त्यांना कुणी सांगत नाही.

तात्पर्य : चिन्हं बिनचूक घालायला जरूर शिका, ती तुमचाच श्वास दुसऱ्यापर्यंत नेतात, पण जो खुणा तपासतो आणि मजकूर वाचत नाही, त्याच्या शब्दावर विसंबून आपला गळा कधीही आवळू नका.