न उजळलेला टेस्टर

एका गावात एकदा एक वृद्ध वायरमन होते. हाताला कंप सुटला, तेव्हा त्यांनी कुंदा नावाची एक शिष्या हाताशी घेतली. तिची धाकटी लेक गावच्या अंगणवाडीत जाई, आणि त्याच अंगणवाडीतला छताचा दिवा बदलायचा होता. सकाळी दोघं पोचली, तर सेविका रत्नप्रभाबाई दारातच उभ्या.

"काका, अर्ध्या तासात पोरं येतील. अंधारात बसवू का त्यांना?"

कुंदाने लगबगीने मेन स्विच खाली ओढला. शिडी चढताना तिच्या खिशातला टेस्टर फरशीवर पडला. तिने तो उचलला, ओढणीला पुसला आणि वर गेली. जुन्या दिव्याचं झाकण काढलं, तर आत दोन तारा, खालच्या चुलीच्या धुराने सारख्याच काळ्या झालेल्या. रंगावरून काही कळायची सोय नव्हती. तिने एकीला टेस्टर लावला, मग दुसरीला. आतला बारीक दिवा उजळला नाही.

"मेलेल्या आहेत काका. सोडवते हातानेच."

"हात मागे घे," वृद्ध म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कुंदाची बोटं तारेपासून वीतभर अंतरावर थिजली. "खाली उतर. टेस्टर दे इकडे."

टेस्टर घेऊन ते सरळ बाहेर पडले आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीत शिरले.

"आता दळण घेऊन येणार वाटतं," रत्नप्रभाबाई पुटपुटल्या. कुंदाचं तोंड उतरलं. मेन बंद, टेस्टर गप्प, आणखी काय पाहायचं राहिलं? आपल्या हातावर काकांचा विश्वासच नाही, असं वाटून ती चडफडत त्यांच्यामागे गेली.

गिरणी धडधडत होती. वृद्धांनी टेस्टर गिरणीच्या बोर्डाला लावला. कुंदा पाहतच राहिली. समोर जातं गरगरतंय, पीठ उडतंय, आणि टेस्टर तसाच अंधारा.

मग त्यांनी गिरणीवाल्या भिकोबांचा टेस्टर मागून घेतला. तो बोर्डाला टेकताच उजळला. तोच घेऊन ते परतले. "चढ. तारेला हात न लावता बघ."

कुंदा चढली. पहिल्या तारेला टेस्टर गप्प. दुसरीला लावला आणि तो लख्ख उजळला. मेन बंद असतानाही! ती भराभर उतरली आणि दारातल्या पायरीवर बसली.

मागोमाग आलेले भिकोबा डोकं खाजवत म्हणाले, "अरे हो, पोलिओ डोसाच्या दिवशी यांची वीज गेली होती. आमच्या बाबांनी हा दिवा गिरणीच्या लायनीवर घेऊन दिला. परत कुणी काढलाच नाही."

वृद्ध शिष्येजवळ पायरीवर बसले.

"पोरी, तू तारेला विचारलंस, ते योग्यच केलंस. पण ज्याच्या तोंडून विचारलंस, तो फरशीवर पडला तेव्हाच मुका झाला होता. ज्याला बोलता येतं, त्याचं गप्प बसणं हे उत्तर असतं. मुक्याच्या गप्प बसण्याला उत्तर समजू नये. म्हणून जिथे वीज आहे हे डोळ्यांना दिसतं, तिथे आधी त्याला बोलतं करायचं. मग तारेला विचारायचं. आणि परत एकदा तिथेच जाऊन बघायचं, की मधल्या वेळात त्याची वाचा तर गेली नाही."

"तुम्ही टेस्टर पडताना पाहिला होतात?"

"आवाज ऐकला. तू घाईत होतीस, म्हणून तुला तो ऐकू आला नाही."

कुंदा उठली. भिकोबांनी त्या लायनीचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवला. तिने गिरणीच्या दुसऱ्या बोर्डावर टेस्टर उजळवून पाहिला, शिडी चढून दोन्ही तारांना लावला. गप्प.

"झालं ना? जोड आता," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "पोरं आलीसुद्धा."

दारात मुलांचा घोळका होता आणि त्यात कुंदाची लेकही. कुंदा शिडीवरून उतरली. "थोडं थांबा बाई," म्हणत मुलांच्या मधून वाट काढत ती टेस्टर घेऊन परत गिरणीकडे निघाली. वृद्धांनी तिला जाताना पाहिलं आणि तिला अडवायला शिडीवर ठेवलेला आपला हात काढून घेतला.